सॉल्टर

महाप्यात, तिसऱ्या मजल्यावर, ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी
आडनावं वाटली.
फळ्यावर यादी. बेकर, कूपर, टेलर, कुक,
सोपी सोपी पुढच्या रांगेनं उचलली.
मी गोठिवलीहून शेअर रिक्षानं उशिरा पोचले,
माझ्यासाठी उरलं होतं सॉल्टर.
मोकल नको, सर म्हणाले,
गिऱ्हाईक तीनदा स्पेलिंग विचारतं, वेळ जातो.
हर्षालीची झाले हेलन.
गळ्यातल्या कार्डावर मात्र मोकलच राहिलं,
दार उघडायला.

चार महिने ते आडनाव
भाड्याच्या शालूसारखं वापरलं.
नेसायचं, डाग पडू द्यायचा नाही,
शिफ्ट संपली की घडी घालून परत.

मग नोव्हेंबरात एका बाईंचा फोन.
बॉयलर बंद, वय ऐंशी, आवाजात थंडीचं कापरं,
आणि त्यांचंही आडनाव सॉल्टर.
“कुठली गं तू? चेशरकडची की वूस्टरकडची?”
स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर नव्हतं.
“खाडीकडची,” मी म्हणाले.

त्यांना बोलायचंच होतं.
सॉल्टर म्हणजे मीठवाला, बरं का.
आमच्याकडे जमिनीतूनच खारं पाणी वर यायचं,
शिशाच्या कढयांत ते आटवायचे, लाकडं जाळून जाळून,
तट्टांवर गोण्या लादून डोंगरापार विकायचे.
सहा-सातशे वर्षांमागे कर बसवायला कारकून आला,
एकट्या गावात जॉन नावाचे नऊजण,
मग विचारत गेला, तू करतोस काय?
जो जे बोलला ते नातवंडांच्या पाठीला चिकटलं.
माझे वडील बस चालवायचे, त्या म्हणाल्या,
मिठाचं आता सहीपुरतंच उरलंय.

मी गप्प.
आगर म्हणजे मिठागर. आगरात राबतो तो आगरी.
हे मला सातासमुद्रापलीकडून कुणी सांगायला नको होतं.
माझे बाबा, हिराजी मोकल,
उधाणाचं पाणी कोंडीत घ्यायचे,
मार्चात ते कडेनं पांढरं धरू लागलं
की दाताळं हलक्या हातानं ओढायचे.
जोर केला तर चिखल उठतो, मीठ काळं पडतं.
टाचांना भेगा, भेगांत मीठ, मिठावर खोबरेल,
आणि त्या पायांनी घरभर पांढरे ठसे.
मग संपादन आलं.
तलाठ्यानं सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कंसात टाकलं.
पुसत नाहीत. कंस करतात.
वाचता येतं, पण धरायचं नाही.

“ऐकतेयस ना?” बाई म्हणाल्या.
तुमचा इंजिनिअर गुरुवारी येईल, मी म्हणाले,
दहा ते बाराच्या मध्ये. कुत्रा असेल तर बांधून ठेवा.

त्या कॉलचे गुण कापले गेले:
अकरा सेकंद शांतता, कारण नमूद नाही.

घरी आले तर बाबा जागे.
डॉक्टरांनी मीठ बंद केलंय,
ते अळणी पेजेत बोट बुडवून चाटत होते, उगाच,
जणू आज तरी लागेल.
मी सांगितलं सगळं. जॉन, तट्टं, कढया.
“समिंदर नसताना मीठ?” म्हणाले.
मग, “कढईत पिकवतान? म्हंजे ऊन नाय तिकरं.”
मग बराच वेळ काही नाही.
“नाव बरा दिलान तुला. आपलाच हाय.”

दिवा मालवला. वाटलं, झोपले.
अंधारातून आवाज आला,
“त्यांचा सातबारा कोनाचे नावावर हाय आता?”